केमला आगगाडी आधी, घाटाला नंतर

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ख्यात आहे. त्याच्या शिवारातून १८५९ मध्ये आगगाडी धावू लागली. गंमत अशी, की त्या वर्षी मुंबईहून पुण्यास मात्र सलग गाडीने जाता येत नव्हते! हे उलटे कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

कारण एकच : चढ. मुंबईकडचे रूळ १८५६ मध्ये खोपोलीस, बोरघाटाच्या पायथ्याशी येऊन थांबले. वर खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये खुला झाला. पुढे डिकसळ, केम, बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) असे करीत १८६० मध्ये गाडी सोलापुरास पोहोचली. मधला घाट प्रवाशांनी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून चढायचा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरायची.

घाट इतका अवघड का? घरातल्या लहानग्यास हे सांगायचे असेल, तर ३७ काडेपेट्या जमिनीवर लांबीच्या दिशेने ओळीत मांडा. शेवटच्या पेटीपुढे आणखी एक उभी करा. ओळीच्या आरंभापासून उभ्या पेटीच्या माथ्यापर्यंत दोरा ताणा. हाच ‘३७ ला १’ चढ, बोरघाटातला सर्वांत तीव्र. मूल म्हणेल, “एवढासाच?” बैलास तो खरोखर एवढासाच. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी पकड घेते. तिथे वाफेच्या इंजिनाचा घाम निघे.

आता दोरा अर्ध्या ओळीपर्यंत जमिनीवर दाबून धरा आणि तिथून वर न्या. जिथे तो मोडला, तिथे चढ बदलला; पुढचा भाग पहिल्यापेक्षा दुप्पट उभा झाला. घाटात असे मोड जागोजागी आहेत. सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट उंची गाठायची, म्हणजे सरासरी साधारण ४६ ला १. पण इंजिनाची परीक्षा सरासरी घेत नाही, सर्वांत उभा तुकडा घेतो.

या १८३१ फुटांची किंमत मोठी होती. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांवर मजूर राबत होते. पटकी आणि तापाने माणसे दगावत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पुढे नेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ मध्ये निवर्तला. घाट खुला झाला १८६३ मध्ये. ट्रेडवेल आणि बर्कली यांची नावे ग्रंथांत आहेत, मजुरांची बहुतेक नाहीत.

केमला जाणे झाले, तर रुळांच्या कडेला दोन हातांचा बुटका खांब शोधा. एक हात मागच्या उताराचा वा चढाचा, दुसरा पुढच्या. त्यावरचा आकडा म्हणजे आपल्या काडेपेट्यांची संख्या. डोळ्यांना जिथे सारे सपाट भासते, तिथेही असे खांब उभे असतात. फलाटालगत मात्र रूळ जवळजवळ समपातळीत ठेवतात : ४०० ला १ पेक्षा अधिक चढ तिथे चालत नाही, नाहीतर उभे डबे आपोआप घरंगळू लागतील.