लॉकचा आयुष्यकाल (बहुथ्रेड प्रोग्रॅमिंग)

अनेक थ्रेडनी सामायिक माहिती एकाच वेळी बदलू नये म्हणून म्यूटेक्स वापरतात. एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या प्रश्नाची एक उकल प्रसिद्ध केली. लॉक घेणे सोपे, ते प्रत्येक वाटेने सुटेल हे पाहणे कठीण. मध्येच एक्सेप्शन उद्भवले, तर अनलॉक राहून जाते आणि बाकीचे थ्रेड खोळंबतात. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकातील लॉक-गार्ड यावर उत्तम उपाय आहे: गार्डची व्याप्ती संपताच डिस्ट्रक्टर लॉक सोडतो. मात्र गार्डला नाव दिले नाही, तर ती तात्पुरती वस्तू त्याच विधानाअखेर नष्ट होते आणि पुढचा कोड उघडा पडतो. ही चूक नजरेतून सहज निसटते. म्यूटेक्सही गार्डपेक्षा जास्त काळ टिकला पाहिजे. रस्टमध्ये ही अट कंपायलरच तपासतो.