मांडीवरचा ठेका

इस्लापूर हे किनवट तालुक्यातलं, सहस्रकुंड धबधब्याजवळचं गाव. या भागात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशा भाषा कानावर पडतात. लेकराला निजवायला कुठलीही आई गुणगुणतेच. अशा घरगुती गाण्यांचा इतिहास कोण लिहून ठेवणार? तरी मराठी ओवीचा माग जवळपास नऊशे वर्षं मागे जातो.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे लातूरच्या सीमेपलीकडचं आजचं बसवकल्याण. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख या ग्रंथात आहे.

कांडणासारखंच दळण. पहाटे जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर पुष्कळदा लेकरू असायचं. खुंटा फिरला की आईचं अंग पुढे-मागे झुलायचं आणि त्याच लयीत ओवी निघायची. बाळाला ती लय कानांनी मिळायची, तशी अंगानेही.

हे महत्त्वाचं का, ते २००५ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगातून कळतं. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवला. त्यात कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर उचलून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्या ठेक्यावर झुलवलं होतं, तोच बाळं जास्त वेळ ऐकत राहिली. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलेल्या बाळांत असा कल दिसला नाही. ट्रेनर यांच्याच गटाने २०१४ साली चौदा महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. ज्या मोठ्या माणसाने मुलासोबत एका तालात झुलून घेतलं, त्याच्या हातून वस्तू पडल्यावर मुलं ती उचलून द्यायला जास्त सरसावली. म्हणजे तालातून ओळख, विश्वास, सोबतही घडते.

गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बरंच झालं. ते काम हाडं मोडणारं होतं, त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण कष्टासोबत गाण्याचं निमित्तही गेलं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून शब्द तरी उरले. मांडीवरचा ठेका मात्र कुठल्याच डेटाबेसमध्ये साठवता येत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या भाचीसोबत टाळ्या वाजवायला गेलं की ताल चुकतोच, कारण आवाज पोहोचायला क्षणभर वेळ लागतो. यूट्यूबवरचं बडबडगीत अचूक वाजतं, पण लेकरू अडखळलं तर त्याच्यासाठी थांबत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गाण्याचंही तसंच करावं लागेल. जात्याने दिलेलं निमित्त आता आपणच शोधायचं: आंघोळ, घास भरवणं, एसटीची वाट बघणं. ते काम एकट्या आईचं नाही. बाबा, मामा, आजोबांनाही मांडी आहे. गळा बेसूर असला तरी चालेल.