करवंदीच्या जाळीतला ‘चक-चक’ करणारा पाहुणा : सात-आठ महिने आपल्याकडे, पिल्लं मात्र रशिया-फिनलंडात

महाड/पोलादपूर : भातकापणीच्या दिवसांत बांधावरच्या करवंदीच्या जाळीतून ‘चक... चक...’ असा आवाज येतो. जीभ टाळूला लावून टक् केल्यासारखा. जवळ जाऊन पाहिलं तर काहीच दिसत नाही, फक्त आतली फांदी हलते. बहुतेकजण शिंपी असेल म्हणून पुढे जातात. पण शिंपी बारमाही इथलाच, आणि त्याची शेपटी वर उभी असते. हा दुसरा पक्षी पाहुणा आहे, आणि येतो तो थेट रशिया, कझाकस्तान, फिनलंड अशा मुलखातून.

त्याचं इंग्रजी नाव ब्लिथ्स रीड वॉर्बलर. मराठीत वॉर्बलरला वटवट्या म्हणतात, त्यामुळे हा वटवट्यांच्या गोतावळ्यातला. एडवर्ड ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते. त्यांनी 1849 मध्ये या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली, म्हणून त्यांचं नाव. ‘रीड’ म्हणजे बोरू, पण इथे नाव फसवं आहे. पाणथळीतल्या बोरूपेक्षा याला कोरडी झुडपंच प्यारी. शास्त्रीय नावातला ‘ड्युमेटोरम’ हा शब्द झुडपांवरूनच आला आहे, तोच खरा.

दिसायला अगदी साधा. पाठ मळकट तपकिरी, पोट पांढुरकं, अंगावर एकही रेघ वा ठिपका नाही. डोळ्याच्या पुढे आखूड फिकट भुवई आणि अंगाच्या मानाने लांब चोच. चिमणीपेक्षा लहान. वजन साधारण दहा-बारा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवली तर भरेल तेवढं.

एवढ्या जिवाचा प्रवास बघा. फिनलंड ते रायगड हे सरळ रेषेतच साडेपाच-सहा हजार किलोमीटर भरतं. निघण्याआधी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतो, तेच त्याचं पेट्रोल. उडतो मुख्यतः रात्री. दिवसा कुठेतरी झुडपात उतरून पुन्हा खातो. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांना वाट दाखवायला आई-बाप सोबत नसतात. दिशा उपजतच असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे पक्षी भारतात शिरतात आणि दक्षिणेकडे पसरत श्रीलंकेपर्यंत जातात. जगातले जवळपास सगळे ब्लिथचे वटवटे हिवाळा काढतात तो भारतीय उपखंडातच. युरोपातले कितीतरी छोटे पक्षी थंडीत आफ्रिका गाठतात, हा मात्र पूर्वेला वळून आपल्याकडे येतो. जुनी झिजलेली पिसंही तो इकडेच बदलतो. वर्षाचे सात-आठ महिने इथे राहणाऱ्याला पाहुणा तरी का म्हणायचं, हा प्रश्नच आहे.

महाड-पोलादपूरच्या वरकस जमिनी, रायवळ आंब्यांच्या वाड्या, गावकुसाची निर्गुडी, घाणेरीची बेटं, ओढ्याकाठची गचपणं ही त्याची हक्काची जागा. जोडी नाही, थवा नाही, एकेकटा राहतो. अळ्या, माश्या, मुंग्या, कोळी असं पानापानांतून टिपत फिरतो. तो ‘चक-चक’ म्हणजे बरेचदा दुसऱ्या वटवट्याला ‘इकडे येऊ नको’ असा इशारा असतो.

खरी अडचण येते ती फेब्रुवारीनंतर. डोंगरउतारावर वणवे लागू लागतात. राब भाजणं वेगळं, ते शेतापुरतं आणि माणूस उभा राहून करतो. वणवा मात्र गवताबरोबर करवंद, कुडा, सगळी जाळीच घेऊन जातो. पक्षी उडून जाईलही, पण हीच वेळ परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची. जाळी जळाली की तिच्यातले किडे गेले, आडोसाही गेला. जेसीबीने बांध साफ केले तरी तेच होतं. हा पक्षी सध्या धोक्यात आलेल्यांच्या यादीत नाही, हेही सांगायला हवं. पण जाळी गेली तर शिंपी, बुलबुल, तितर यांचंही घर जातं. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हा आहे, आणि वन्यजीव कायद्यामुळे बेचकीने पक्षी मारणंही.

ओळखायचा असेल तर मोबाईलवर ‘मर्लिन’ हे मोफत अ‍ॅप आहे, आवाज ऐकवला की नाव सुचवतं. एका ‘चक’वर मात्र फार विश्वास ठेवू नये. मेलेल्या एखाद्या पक्ष्याच्या पायात बारीक धातूची कडी दिसली, तर तिच्यावरच्या नंबरचा फोटो काढून, ठिकाण आणि तारीख लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावं. स्थलांतराची माहिती अशाच कड्यांतून मिळत आली आहे.

एप्रिलमध्ये पहाटे जाळीजवळ थांबलात तर कधी कधी त्याचं गाणंही ऐकू येतं, हळू आवाजात, रियाज केल्यासारखं. खरी मैफल उत्तरेत, रात्रभर, इतर पक्ष्यांच्या नकला करत. मे उजाडता उजाडता, चाकरमानी गावाला यायला निघतात तेव्हा, हा गाव सोडतो. जूनमध्ये इथे पेरण्या चालू असताना तिकडे उंच रानगवतात त्याचं घरटं झालेलं असतं, आत चार ते सहा अंडी.