बालकांचे श्वसनसंसर्ग व सामाजिक विषमता (कोल्हापूर जिल्हा)

पाच वर्षांखालील मुलांच्या श्वसनसंसर्गांपैकी सर्वांत घातक आजार न्यूमोनिया हा असून, त्यात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साठतो व रक्ताला प्राणवायू कमी पडतो. सर्दी-खोकला सर्वच घरांत होतो. पण तो कोणत्या मुलाच्या छातीत उतरतो आणि त्यातून कोणते मूल दगावते, हे पुष्कळ अंशी निवारा, चूल, पोषण व उपचारांपर्यंतचे अंतर यांवर ठरते. बारमाही पाणी, सहकारी साखर कारखाने व दूधसंघ यांमुळे कोल्हापूर जिल्हा सधन गणला जातो, आणि नेमक्या याच सधनतेमुळे तेथील विषमता जिल्ह्याच्या सरासरीत दिसेनाशी होते.

ती ठळकपणे दिसते ऊसतोडीच्या हंगामात. बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे ऐन थंडीत, शिवारालगत कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालून राहतात. कोपीतील चुलीवर लाकूडफाटा जळतो. त्या धुरातील सूक्ष्म कण श्वासनलिकेच्या आतील, कफ व जंतू बाहेर लोटणाऱ्या केसासारख्या तंतूंना निकामी करतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि तान्हे मूल बांधावर किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मजुरी टनावर आणि डोक्यावर मुकादमाची उचल, अशा व्यवस्थेत दवाखान्यात जाणे म्हणजे खाडा पडणे. म्हणून मुलाचा ताप अंगावर काढला जातो. याला पालकांची बेफिकिरी म्हणणे सोपे असले, तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. शाहूवाडी, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतील धनगरवाड्यांत अडचण निराळी आहे. तेथे पावसाळ्यात वाटच बिकट होते.

न्यूमोनियाची ओळख फारशी अवघड नाही. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असणे, तसेच श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ही त्याची लक्षणे होत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी अशी पारख करून प्रतिजैविक दिले, तेव्हा न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

मात्र गावात मुलांवर अशी नजर ठेवणाऱ्या आशा कार्यकर्तीची यादी गावनिहाय असते, आणि कोपी कोणत्याच गावाची नसते. लसीकरणातही हाच पेच आहे. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची लस २०२१ पासून देशभर मोफत मिळते. तिच्या मात्रा दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत द्यायच्या असतात. ऑगस्टमध्ये मूळ गावी जन्मलेल्या मुलाची पहिली मात्रा तेथे होते, तिसरी मे महिन्यात पुन्हा तेथेच येते, आणि मधली नेमकी फडावर असताना.