बाळगोळी

ज्या सोलापुरात नवी पेठेचा बाजार आज रात्रीपर्यंत गजबजलेला असतो, त्या शहराचा दिवस एके काळी गिरणीच्या भोंग्याने उजाडत असे. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची कापडाची गिरणी येथे सुरू झाली; तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून प्रसिद्धीस आली. मुंबईत हा धंदा त्यापूर्वीच रुजला होता. गिरण्यांनी सूत किती काढले व कापड किती विणले, याचे हिशेब मिळतात. परंतु भोंग्यासरशी कामावर धावणाऱ्या बाईचे तान्हे मूल दिवसभर कोण सांभाळी, हा प्रश्न इतिहासलेखक क्वचितच विचारतात. त्याचे एक उत्तर अफूची गोळी हे होते.

मुंबई सरकारच्या कामगार खात्याच्या ‘लेबर गॅझेट’ मासिकात १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबईतील कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे तीत नमूद होते. हा आकडा वाचून सुशिक्षित समाज हळहळला आणि दोष मात्र आईच्या अज्ञानाला देऊन मोकळा झाला. वास्तविक १८९१ च्या कायद्यानेही स्त्रियांना दिवसाकाठी अकरा तास राबविण्याची मुभा ठेवली होती. अकरा तास भुकेने रडणारे मूल आणि अकरा तास न थांबणारा माग, या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या बाईने गोळीचा आश्रय केला, तर त्यात केवळ अज्ञान पाहणे न्यायाचे होणार नाही.

तथापि गोळीचा परिणाम आईच्या हेतूकडे पाहून होत नसतो. श्वास आपण जाणूनबुजून घेत नाही. झोपेतही तो चालू राहतो, कारण मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेत त्याचा ताल धरणारा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. १९९१ साली शास्त्रज्ञांनी त्याचे स्थान निश्चित केले. रक्तात कर्बवायू वाढू लागला की हा ताल आपोआप जलद होतो. अफूतील मॉर्फिन पेशींवरील ज्या ग्राहक-स्थानांना जाऊन चिकटते, त्यांचा प्रत्यक्ष शोध १९७३ साली लागला. ज्या जातीच्या स्थानांमुळे वेदना शमते व गुंगी येते, त्याच जातीची स्थाने या श्वासकेंद्रातही आहेत. म्हणून मात्रा वाढताच ताल मंदावतो. कर्बवायू साचला तरी त्याची हाक मेंदूला पुरेशी ऐकू जात नाही. मूल गुदमरते, पण धडपडत नाही. पाहणाऱ्यास ते शांत निजलेले दिसते.

तान्ह्या मुलाचे यकृत हे विष लवकर निकामी करू शकत नाही. त्यामुळे कालच्या गोळीचा अंश उरलेला असतानाच आजची गोळी पोटात जाते. शिवाय कच्च्या अफूचे सामर्थ्य प्रत्येक वेळी सारखे नसते. काल ज्या आकाराच्या गोळीने मूल निजले, त्याच आकाराच्या गोळीने ते आज कायमचे निजू शकते. रडणे हाही अखेर श्वासाचाच व्यापार आहे. तो बंद करणारे औषध श्वासाच्या किती जवळ जाऊन पोहोचले आहे, हे त्या माउलीस कळण्यास काहीच साधन नव्हते.

आज नॅलॉक्झोन नावाचे औषध त्याच स्थानांवरून मॉर्फिनला हुसकावून लावते आणि वेळेवर मिळाल्यास श्वास परत आणते. परंतु धोका संपला असे मात्र नाही. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन हे अफूच्याच कुळातले. बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असे अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने २०१७ साली बजावले. मुलाला झोप लागावी म्हणून घरातली जुनी बाटली उघडणाऱ्या सुशिक्षित गृहस्थानेही हे ध्यानात ठेवावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे पाळणाघर सक्तीचे केले. बाळगोळीवर अनेक उपाय सुचविले गेले असतील; पण तिचे खरे कारण ओळखणारा उपाय हा होता. आईला मूल ठेवण्यास जागा मिळाली, तर त्याला गप्प करण्याची पाळी तिच्यावर येत नाही.