मिबोरोतली शाकारणी

साल 1890. जपानच्या हिदा डोंगरांत, मिबोरो वस्तीत तुम्ही येऊन पोहोचलात. बर्फ नुकतंच सरलंय आणि आज एका घराची शाकारणी आहे. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच गवताची पेंढी तुमच्या खांद्यावर येते. चला वर!

छप्पर जोडलेल्या तळहातांसारखं उभट. हिवाळ्यातलं बर्फ घसरून पडावं म्हणून. तुमची नेमणूक आत, माळ्यावर. बाहेरचा गडी दोर ओवलेली लांब लाकडी सुई गवतातून आत खुपसतो, तुम्ही दोर वाशाला वेढून ती परत बाहेर सारायची. तो दिसत नाही, नुसती हाक येते. सुई कुठून घुसेल नेम नाही, तोंड जरा लांब ठेवा. वासे बांधलेत ते ओल्या फांद्या पिळून. वाळतात तशा त्या आवळत जातात.

बाजूला रेशीमकिड्यांची तबकं रिकामी पडलीत, तुतीला पाला आला की भरतील. काजळीने हात काळे होतात, पण चुलीच्या त्याच धुराने गवताला कीड लागत नाही. पूर्वी जमिनीखाली माती, किड्यांची विष्ठा आणि रानपाला कुजवून बंदुकीच्या दारूचा सोरा काढत. परदेशी सोरा आला नि तो धंदा बसला.

जेवायला भगरीच्या जातीचं ‘हिए’. पंगतीत एकाच घरची वीस-तीस माणसं! बायको घरी आणतो तो फक्त थोरला. धाकटे रात्री आपापल्या बाईकडे जातात, पहाटे कामाला परत येतात. पोरं आईच्या घरी वाढतात. बाहेरचे लोक हे चवीने सांगतात. मला त्यात रोकडा हिशेबच दिसतो: जमीन वाटली तर कुणालाच पुरायची नाही, आणि लेक सासरी धाडली की पाला घालणारे दोन हात गेले.

शाकारणीला घरोघरची माणसं एकमेकांकडे राबतात. ही सावड, इथली ‘युई’, नुसती तोंडी नसते. कुणी किती पेंढ्या दिल्या, किती दोर, किती दिवस राबले, सगळं वहीत चढतं. छप्पर तीस-चाळीस वर्षं टिकतं, म्हणजे आजची फेड कदाचित नातू करील. नोंद घरागणिक. संध्याकाळी वहीवाला म्हातारा तुमच्यापाशी येऊन कुंचला शाईत बुडवतो.

“बाबा, तुमचा दिवस कुठल्या घराच्या नावे मांडू?”