असईच्या रानांत

रणभूमि पाहावयास जाणें हा आपल्याकडील लोकांचा शौक नव्हे. गड आपण चढतों, देवळें पाहतों, समाध्यांपुढें हात जोडतों. परंतु जेथें राज्याचा निकाल लागला तें उघडें रान पाहावयास सहसा कोणी जात नाहीं. तेथें पाहावयाचें तरी काय, अशी शंका माझ्याहि मनांत होती. जालना जिल्ह्यांतील असई या गांवीं जाऊनहि ती फिटली नसती. पण आमच्याबरोबर एक वृद्ध गुरुजी होते.

गुरुजींचा बहुतेक जन्म या एका लढाईच्या अभ्यासांत गेला आहे. हिवाळ्यांत येतों असें आम्हीं कळविलें, तेव्हां त्यांचें एका ओळीचें उत्तर आलें: "सप्टेंबरांत या. नदींत पाणी नसेल तर लढाई दिसावयाची नाहीं." या उत्तराचा अर्थ केळणेच्या कांठीं उभा राहीपर्यंत मला कळला नव्हता.

लढाईपूर्वींची हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना तें मानवलें नाहीं, आणि १८०३ च्या ऑगस्टांत युद्धास तोंड लागलें. जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनीं निरनिराळ्या वाटांनीं जाऊन २४ सप्टेंबरला एकवटून हल्ला करावा, असा बेत केला होता. परंतु २३ तारखेसच सुमारें वीस मैलांची मजल मारून वेलस्ली एकटा मराठी फौजेसमोर येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढण्यास साडेचार हजारांच्या आसपास लोक. समोर पोलमन या हानोव्हरी सरदाराच्या हाताखालीं कवाइती पायदळच दहा हजारांवर, शंभराच्या घरांत तोफा, आणि घोडदळ तर कित्येक पट.

गुरुजींनीं काठीनें चिखलांत दोन रेघा ओढल्या. दक्षिणेची केळणा, उत्तरेची जुई. दोघी पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींस मिळतात. त्यांच्यामध्यें जी जिभेसारखी निमुळती जमीन राहते, तिच्यावर मराठी फौज केळणेचें पाणी समोर ठेवून, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरून नदी उतरणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. तेव्हां पूर्वेकडे सरकून, बगलेस उतार गांठणें एवढा एकच मार्ग उरतो.

आम्ही पिंपळगांवच्या बाजूस तीरावर उभे होतों. "आतां उतार कोठें असेल, सांगा," गुरुजी म्हणाले. मीं पाण्याकडे निरखून पाहिलें. गढूळ पाणी, कडेला चिखल, मध्यें ओढ. जेथें प्रवाह रुंद व संथ दिसला तेथें मीं बोट दाखविलें. गुरुजी हंसले. "तुम्ही पाणी पाहतां, त्यानें घरें पाहिलीं. पलीकडे बघा."

पलीकडे वरूड. या तीरावर एक गांव, त्या तीरावर नेमकें समोर दुसरें गांव. वाटाड्यांनीं वेलस्लीला येथें उतार नाहीं म्हणून निक्षून सांगितलें होतें. त्यांना खरेंच ठाऊक नव्हतें कीं सांगावयाचें नव्हतें, देव जाणे. पण समोरासमोर वसलेलीं दोन गांवें येण्याजाण्यावांचून राहणार नाहींत, तेव्हां उतार असलाच पाहिजे, असा त्यानें तर्क केला, आणि तो खरा ठरला. हें ऐकून मला शरम वाटली. गांवागांवांतल्या सोयरिकी, बाजारहाट, गुरांच्या वाटा, हें सारें आपलें. तें वाचून दाखविलें चौतीस वर्षांच्या एका परक्या सेनापतीनें. आणि त्या उतारावर आमची एक चौकी नव्हती!

दुपारीं तीनच्या सुमारास तो नदीपार झाला. येथपर्यंत त्याची बुद्धि, यापुढें पोलमनची. लहानपणापासून आम्ही ऐकत आलों तें असें कीं, शिंद्यांच्या नोकरींतले इंग्रज अधिकारी फुटून गेले म्हणून कंपू निकामी झाले. अधिकारी गेले हें खरें. पण गुरुजींनीं आम्हांला केळणेच्या कांठापासून असईच्या घरांपर्यंत चालविलें, तेव्हां त्या सबबीचें वजन पार उतरलें. शत्रु बगलेवर आलेला पाहतांच या सर्व लांबीवर पायदळानें मोहरा पूर्वेकडे फिरविला. उजवें टोंक केळणेवर, डावें असईवर. वेलस्लीला असें होईल ही कल्पनाच नव्हती. ज्यांना नेता नाहीं अशा जमावाकडून हें होत नसतें.

त्याच्या उजव्या हाताचे लोक चुकून असईच्या दिशेनें फार पुढें गेले व त्यांच्या मागोमाग ७४ वी हायलंडर पलटण गेली. गांवांतील बंदुका आणि तोफा यांनीं तिची दाणादाण उडविली. मॅक्सवेलचें घोडदळ धांवून आलें म्हणूनच ती पार नष्ट झाली नाहीं. मॅक्सवेलहि पुढें त्याच लढाईंत पडला. इंग्रजांकडील मेलेले, जखमी व हरवलेले मिळून १५८४ झाले, म्हणजे लढलेल्यांपैकीं एकतृतीयांश. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असें विचारतां वॉटर्लूच्या विजेत्यानें म्हातारपणीं असईचें नांव घेतलें, तें उगीच नव्हे.

मग हार कशानें झाली? गुरुजी पश्चिमेकडे बोट दाखवितात. तिकडे घोड्यांचा समुद्र होता, आणि त्यांतला फार थोडा भाग लढाईंत उतरला. दोघेहि राजे वेळेवर निघून गेले. या मुद्द्यावर गुरुजी अधिक बोलत नाहींत, आणि मींहि त्यांना छेडलें नाहीं.

शेवटीं त्यांनीं आम्हांला एका ज्वारीच्या शेताच्या बांधावर नेलें. तोफांची रांग येथून जात होती असा त्यांचा अदमास आहे. संगिनींचा हल्ला अंगावर आला तरी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहींत. रांग ओलांडून इंग्रज पुढें गेल्यावर प्रेतांसारखे पडून राहिलेले कित्येक जण उठले, आणि त्याच तोफा फिरवून त्यांनीं शत्रूच्या पाठींवर डागल्या. वेलस्लीला जातीनें मागें वळून ती रांग पुन्हां जिंकावी लागली. त्या दिवशीं त्याचीं दोन घोडीं खालीं पडलीं. ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या.

७४ व्या पलटणीच्या पडलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें गुरुजींनीं तेथें उभ्याउभ्या एकामागून एक म्हणून दाखविलीं. नंतर ते बांधाकडे वळले आणि गप्प राहिले. शेतकरी आम्हांला हटकावयास आला होता, तोहि थोडा वेळ तसाच उभा राहिला. ऊन उतरलें तसे आम्ही वरूडवरून, त्याच उतारानें, गुडघाभर पाण्यांतून परत आलों.